प्रूफ

बटण आत गेलंय ते बाहेर येत नाही.
खानोलकरांनी त्यावर चिकटपट्टी मारून
लाल पेनने लिहिलंय : हात लावू नये.
"बंद करू नको गो, उठाचो नाय मगे तो,"
जसं काही आत कुणी आजारी निजलंय.

कन्नमवार नगर, इमारतीखालचा गाळा :
टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन, पत्रिका.
रात्री शटर ओढलं तरी फटीतून
निळा उजेड पायरीवर सांडतो, त्यात मांजर निजते.
बिल आलं की खानोलकरवहिनी विचारतात,
रात्रीचं कोण टाईप करतं तुमच्याकडे?
भुतं, म्हणतात ते, आणि बिल भरतात.

एका वर्षी गणपतीला ते कणकवलीला गेले,
मी माहेरी, चेंबूरला. अकरा दिवस कुलूप.
पडद्यावर एक पत्रिका उघडीच राहिली.
प्रूफ बघायला येते म्हणालेली मुलगी
आलीच नव्हती. दीडशे आगाऊ देऊन गेलेली.

परतलो तर अक्षरं काचेत मुरली होती.
फाईल बंद केली. गेली नाहीत.
मी ओलं फडकं फिरवलं, मग नख लावलं.
चि. सौ. कां. निलाक्षी.
खाली मुलाचं नाव, पण ते पुसट,
वाचता येत नाही.

तेव्हापासून सगळं तिच्यावरूनच टाईप होतं.
भाडेकरार. उत्पन्नाचा दाखला.
नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फलक, त्याच्या गॉगलमधून ती.
पाटणकर काकांच्या दहाव्याचं लिहिताना
'दुःखद निधन'च्या मागे श्री गजानन प्रसन्न.
गिऱ्हाइकांना दिसत नाही.
मला दिसतं,
घरी जाऊन भिंतीकडे पाहिलं तरी.

परवा दुपारी एक बाई आल्या, हातात प्लास्टिकची फाईल.
प्रतिज्ञापत्र हवंय. नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेने लागलंय,
दोन्ही मीच, असं लिहून पाहिजे.
मी विचारलं, नाव?
आणि समोरच्या खोदकामात कुणीतरी केबल तोडली.

पंखा थांबत थांबत थांबला. पडदा विझला.
चार वर्षांत मी तो विझलेला पाहिला नव्हता.
काळ्या काचेत आम्ही दोघी, मागे रस्ता, एक रिक्षा,
आणि आमच्या तोंडांवरून ते नाव,
उजेडात कधी नव्हतं इतकं स्वच्छ.

त्या वाकल्या. चष्मा काढला, परत लावला.
मी शब्द जुळवत होते :
गणपती, बटण, अकरा दिवस, माफ करा.
त्यांनी काचेवर बोट टेकवलं, पहिल्याच अक्षरावर.
"वेलांटी चुकलीय," म्हणाल्या.
"दुसरी हवी. तेच सांगायला येणार होते."

बाहेर मुकादम कुणावर तरी ओरडत होता.

पाऊण तासाने वीज आली. खानोलकरांनी
त्याच्या पाठीत दोन थपडा घातल्या, रवळनाथाला हाक मारली.
आधी गुलाबी, मग हिरवट, मग उठला.
मी खाली सही करणार, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की
निलाक्षी आणि नीलाक्षी ही एकाच व्यक्तीची नावे आहेत.
दुसरी वेलांटी मी सावकाश दिली.
मागची डावीकडून, पुढची उजवीकडून,
मधे एकटा न.

किती झाले?
ऐंशी.
"दीडशेतून वळते करा."
सत्तर उरतात, मी म्हटलं.
राहू देत, म्हणाल्या, आणि पायरी उतरल्या,
मांजराला वळसा घालून.

खानोलकर वही उघडून बसलेत.
हे कुठल्या खात्यात लिहायचं ते विचारताहेत.